व्यवस्थित फॉरमॅट करावे

९ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर दुरुस्तीला नेऊन दिला एकदाचा. टेबलावर आता नुसती धुळीची चौकट उरली आहे, पेटी होती तेवढीच, काटकोनात. ती पुसली. पुसल्यावर वाटलं, चुकलं. आता पेटी परत नेमकी तिथेच कशी बसणार?

हिला न सांगता केलं आहे. ही शुक्रवारी बहिणीकडे गेली. मेहुणीच्या पायाचं हाड मोडलं आहे. किती दिवस लागतील सांगता येत नाही, म्हणाली. म्हटलं, तेवढ्यात कॉम्प्युटरचं काम उरकून टाकावं, आली की बघेल. बटण दाबलं की ही स्वयंपाकघरात जाते, भांडी घासते, पदराला हात पुसत परत येते, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असतं. लेकीने मागेच फोनवर सांगितलं होतं – 'बाबा, त्यात एसएसडी टाका. जुनी डिस्क आत फिरते म्हणून वेळ लागतो, नवीत फिरणारं काही नसतं. विंडोज तिच्यावर हलवून घ्या, आई खूश होईल.' विंडोज म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर जागा होतो ते. ते उचलून दुसरीकडे ठेवता येतं हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ते भिंतीतल्या खुंटीसारखं असतं.

पेटी चादरीत गुंडाळून जिन्यावरून उतरवली. प्रत्येक पायरीवर थांबलो. खालच्या मजल्यावरचे बसवाले (तीस वर्षं बस चालवली, आता दारात खुर्ची टाकून जिना चालवतात) म्हणाले, 'कुणाला पळवून नेताय?' मी म्हटलं, गमतीची वेळ नाही, हातात वजन आहे.

दुरुस्तीवाली बाई चाळिशीची आहे. चष्मा डोक्यावर, ओठात स्क्रू. स्क्रू न काढता बोलते. तिने ती नवी डिस्क दाखवली आणि मी थक्क झालो. पोस्टकार्डाच्या अर्धी. वजन नाही. कानाशी धरून हलवली, काही वाजेना. मला वाटलं रिकामी डबी दिली.

'काका, काय ऐकताय? त्यात काही हलत नाही, म्हणून तर ती घ्यायची.'

मग तिने विचारलं – 'विंडोज नव्यावर घेते. जुनी डिस्क आतच राहू दे, सामान ठेवायला. ती फॉरमॅट करून देऊ ना?'

हा शब्द मला चांगला माहीत आहे. सातवी पास असलो तरी एकोणचाळीस वर्षं कचेरीत काढली, आधी शिपाई, नंतर रेकॉर्ड रूमला दफ्तरी. साहेबांकडून कागद परत यायचा तो याच शब्दावर. 'फॉरमॅटमध्ये नाही. फॉरमॅटमध्ये करून आणा.' म्हणजे नाव जिथे पाहिजे तिथे, तारीख उजवीकडे, समास सोडलेला. नीटनेटकं. मी म्हटलं, करा की. तिने पुन्हा विचारलं, 'सगळीच ना? मी दोनदा विचारते सगळ्यांना.' मी म्हटलं सगळीच, काही सोडू नका. तिने पावतीवर लिहून सही घ्यायला पुढे केली. तोंडी कामावर माझाही विश्वास नाही. तिने 'जुनी डिस्क फॉरमॅट करणे' एवढंच लिहिलं होतं, ते मला अपुरं वाटलं. मी माझ्या हाताने खाली लिहिलं – 'व्यवस्थित फॉरमॅट करावे.' आणि सही.

बाई हसली. मला वाटलं माझं अक्षर बघून. अक्षर चांगलं आहे माझं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिला सहा वेळा फोन केला. तिसऱ्या वेळेला म्हणाली, 'अहो, आत्ताच तर केला होता.' मी म्हटलं, तेव्हा दूधवाल्याचं विचारायचं राहिलं. सहाव्याला मेहुणीने उचलला. 'भावजी, पाय माझा मोडलाय, जीव तुमचा का चाललाय?'

हिने कॉम्प्युटरचं एकदाही विचारलं नाही. बरंच झालं. मला खोटं बोलता येत नाही, लगेच खोकला येतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

अकरा सेकंद.

घड्याळ लावून मोजले. बटण दाबलं, मागे सरून खुर्ची ओढली, बसतो न बसतो तोच पडदा उजळून तयार. घाबरून बंदच केला. काहीतरी करायचं राहून गेलं असणार. परत लावला. अकरा. पुन्हा. अकरा. नऊ वेळा केलं. बसवाल्यांना वर बोलावून दाखवलं. ते म्हणाले, 'माझी बस अशी सुरू झाली असती तर मी नोकरी सोडली नसती.'

आवाजही नाही. पूर्वी आत कुणी सुपारी कातरतंय असं वाटायचं. आता तो चालू आहे की मेला ते हात लावून बघावं लागतं. दर पाच मिनिटांनी हात लावतो.

ही आल्यावर कसं करायचं ते ठरवलं. काही बोलायचं नाही. तिला नेहमीसारखं बटण दाबू द्यायचं आणि स्वयंपाकघराकडे वळताना म्हणायचं, 'कुठे निघालीस?'

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू? ओळ वाकडी जाते आहे.

सकाळी म्हटलं हिचे नमुने किती झटकन उघडतात ते बघू. ही विणकामाचे नमुने त्या चौकटींच्या कागदावर काढते, कॉम्प्युटरमधल्या. एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट टाक्याला एक रंग, उलटला दुसरा. पानं, वेली, साखळ्या, पक्षी. अकरा वर्षं. चारशेच्या वर झाले असतील, पुस्तक करायचं म्हणते आहे, छापणाऱ्या बाईंशी बोलणंही झालं आहे. मी रोज तिच्या मागे खुर्ची टाकून बसतो, काही अडलं तर असावं कुणीतरी. 'मागे नका बसू' म्हणते, पण अडलं तर?

ते सगळं डी नावाच्या कप्प्यात असतं. डी उघडला.

पांढरा.

'हा फोल्डर रिकामा आहे' असं लिहून आलं. मला वाटलं मी चुकीच्या ठिकाणी आलो. बंद केलं, परत उघडलं. कॉम्प्युटरच बंद करून परत लावला. अकरा सेकंदांत तेच पांढरं पान समोर आलं. जुना असता तर निदान चार मिनिटं आशेत गेली असती.

फोटो नाहीत. लेकीच्या लग्नाचे नाहीत. हिचं काही नाही. अकरा वर्षं. पावती काढून वाचली. 'व्यवस्थित फॉरमॅट करावे.' खाली माझी सही, ठसठशीत, दोन टिंबांसकट.

लेकीला फोन लावून नुसतं विचारलं, फॉरमॅट म्हणजे काय गं? ती म्हणाली, 'सगळं पुसून टाकणं. का हो बाबा?'

म्हटलं, सहज.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडायच्या आधी पाऊण तास दारात उभा. बाई आली, माझ्याकडे बघून म्हणाली, 'काका, बसा आधी. पाणी देऊ?'

सांगितलं सगळं. फॉरमॅटचा मी काय अर्थ घेतला तेही सांगितलं, कचेरी, समास, सगळं. तिने ओठातला स्क्रू काढला आणि टेबलावर ठेवला.

'अठरा वर्षं हे काम करतेय. फॉरमॅट करू नका म्हणून हात जोडणारे पुष्कळ बघितले. व्यवस्थित करा म्हणून लिहून देणारे तुम्ही पहिले.' मग जरा वेळाने म्हणाली, 'चूक माझीही आहे. आत काय आहे ते उघडून दाखवायला हवं होतं तुम्हाला. नुसतं दोनदा विचारून काय होतं.'

मला रडू येत होतं, ते खोकल्यावर नेलं.

मग ती म्हणाली की अजून आशा आहे. वरवरचं पुसलं आहे, आतलं लगेच जात नाही. हे मला समजलं. रजिस्टरचं अनुक्रमणिकेचं पान फाडलं तरी मागची पानं शिलाईत असतातच, एकेक उलटून बघावी लागतात. 'पण त्या डिस्कवर आता काही म्हणजे काही ठेवू नका. नवीन ठेवलं तर जुन्याच्या डोक्यावर बसेल.' मी म्हटलं, मी त्या टेबलाच्या वाटेलाही जाणार नाही. पेटी लगेच आणून दिली. या वेळी बसवाल्यांनी काही विचारलं नाही. तोंडाकडे बघून चादरीचं एक टोक धरलं आणि खालपर्यंत आले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज मी एकदाच फोन केला. हिला आश्चर्य वाटलं असावं.

'बरं आहे ना? आवाज असा का?'

'सर्दी.'

'गरम पाणी प्या.' मग थांबली. 'अहो, ऐका. मला तुमच्याशी जरा बोलायचंय.'

लेकीने सांगितलं वाटतं! म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय, नंतर करतो. ठेवून दिला. दारावर कुणी नव्हतं. मग उगाच दार उघडून बघितलं, खोटं पुरं करायला.

ती रागावणार नाही, हीच भीती आहे. एकदा तिचा स्वेटर मी गरम पाण्यात घातला होता, तो बाहुलीच्या अंगाचा होऊन निघाला. तिने तो उचलला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. अजून आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. दिवसभर काही केलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात बसून होतो. चाळणारा प्रोग्राम लावला आहे, खाली टक्के दिसतात. सकाळी चार होते, बाराला एकोणीस. बाई म्हणाली, 'काका, तुम्ही बघितल्याने ते लवकर होत नाही.' मी खुर्ची जरा मागे घेतली. थोड्या वेळाने परत म्हणाली, 'मागे कुणी बसलं की माझे हात चुकतात हो. बाहेर बाकावर बसा, मी हाक मारते.'

बाहेर बसलो. काचेतून टक्के दिसत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! म्हणजे पुष्कळसं सापडलं. लग्नाचे फोटो आले. लेक हार घालताना मान तिरकी करून उभी आहे तो आला. मेहुणीचे पत्ते, दवाखान्याचे कागद, माझ्या पेन्शनचे कागद, हिने टाईप केलेली वाण्याची यादी, तीसुद्धा. नावंही जशीच्या तशी. मी प्रत्येकाला अरे वा, अरे वा म्हणत होतो. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाटलं मला काही बक्षीस लागलं.

'माझे नमुने' नावाचा फोल्डरही आला. बाईने उघडला.

आत काही नाही.

बाई म्हणाली, 'थांबा. उद्या या. हे मला नीट बघू दे.' तिने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. तिला चष्मा लावलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो, मला धड कळलेलं नाही.

'काका, हा फोल्डर फॉरमॅटने रिकामा झालेला नाही. तुम्ही माझ्याकडे आलात नऊ तारखेला. हा त्याच्या आधीच रिकामा होता. चार तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. चारशे सव्वीस फाइली होत्या, कुणीतरी इथून उचलून दुसरीकडे नेल्या आहेत. पेनड्राईव्हवर बहुतेक.'

'म्हणजे कॉपी केल्या?'

'कॉपी केल्या असत्या तर इथल्या इथेच राहिल्या असत्या, तिकडे दुसरी प्रत झाली असती. या हलवल्यात. मागे काही ठेवलेलं नाही.'

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो. आनंद झाला. माझ्या सहीने गेलं नाही! बाईचा हात धरून हलवला. ती मात्र हसली नाही. म्हणाली, 'घरी आणखी कोण कोण असतं?'

मी म्हटलं, आम्ही दोघंच.

'मग काकूंना विचारा ना.'

मी म्हटलं, तिला कशाला त्रास. तिच्या बहिणीचा पाय मोडलाय. चोरच असणार. पाण्याची मोटर बघायला माणूस आला होता तेव्हाच. विणकामाचे नमुने कुणी चोरेल का, असं बाईने विचारलं. चारशे सव्वीस आहेत म्हटल्यावर कुणीही चोरेल, मी म्हटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी याच वहीत चार तारखेचं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे – 'पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला गेलो. दोनला निघालो, साडेपाचला परत. ही म्हणाली, आरामात या. रांग मोठी होती.' मोटरवाला दोन तारखेला आला होता. चार तारखेच्या पानावर दुसऱ्या कुणाचं नाव नाही.

बराच वेळ पानाकडे बघत बसलो. मग उठून तिचं कपाट उघडलं. तिच्या कपाटाला मी हात लावत नाही, पण उघडलं. विणायच्या सुया नाहीत. सगळ्या आकारांच्या, त्यांची गुंडाळीच नाही. लोकरीच्या दोन्ही पिशव्या नाहीत. जाड शाल नाही, मे महिन्यातल्या पातळ साड्याही नाहीत. वाचायचा चष्मा नाही, आणि जुन्या नंबरचा चष्मा असतो, तोही नाही. बहिणीच्या पायाचं हाड किती दिवसांत जुळतं?

लेकीला फोन केला. तिला म्हटलं, आईने नमुने नेलेत का गं बरोबर? मला वाटलं लाईन गेली, हॅलो हॅलो केलं.

'आहे बाबा.'

'मग बोल की.'

'तुम्ही आईला विचारा. तिला बोलू द्या. मधे काही बोलू नका, खोकू नका, नुसतं ऐका. कराल?'

'असं काय विचारतेस? मी ऐकत नाही का?'

'बाबा,' म्हणाली, आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं रडू नकोस, माझ्या छातीत धडधडतं. तेव्हा तिने पटकन नाक ओढलं आणि म्हणाली, 'हो, बरोबर. तुमच्या छातीत धडधडतं.'

ती असं का म्हणाली ते कळलं नाही.

संध्याकाळी दुरुस्तीवाली स्वतः पेटी घरी घेऊन आली, बसवाल्यांनी वर आणून ठेवली. बरोब्बर जागेवर बसली नाही, बोटभर डावीकडे आहे. फोटो वगैरे सगळं डीमध्ये परत आहे. 'माझे नमुने'ही ठेवला आहे, रिकामा. बाई म्हणाली, काढून टाकू का? मी म्हटलं नको. ती जाताना दारात थांबली. 'काका, उद्या फोन कराच. मी दोनदा सांगतेय.'

२० फेब्रुवारी, शुक्रवार

केला. मधे बोललो नाही. हात तोंडावर धरून ठेवला होता.

ती म्हणाली, मेहुणीच्या घराजवळ तिने एक खोली घेतली आहे, पहिल्या तारखेपासून. टेबल खिडकीशी मांडलं आहे. नमुने तिच्याकडे आहेत, पुस्तक तिथे बसून पुरं करणार आहे. आणि नंतरही तिथेच राहणार आहे. आवाज शांत होता. रागावली नव्हती.

मी म्हटलं, अगं पण मला सांगायचंस तरी.

'सांगितलं होतं. निघाले त्या दिवशी, दारात, बॅग हातात घेऊन. मी आता परत येणार नाही, असं सरळ म्हटलं. तुम्ही "हो, हो" म्हणालात आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत गेलात.'

गेलो होतो. बंद होता.